फिजवात कुठून आली

आत्या,

हे मी मराठीत लिहिते आहे. मागच्या वेळी लिहिलं ते इंग्रजीत होतं आणि तुला वाचता आलं नव्हतं. आता तू वाचशील अशातला भाग नाही, तुला जाऊन अठरा दिवस झाले. पण निदान भाषा तरी तुला कळणारी असावी. माझ्या मराठीत चुका निघतील. पप्पा तपासून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. त्यांना अजून काही माहीत नाही, आणि हे सगळं पहिल्यांदा तुलाच सांगायचं आहे.

तुझा जन्म कुठला, काका कधी गेले, वेंगुर्ल्याकडून तू पप्पांच्या मागे पिंपरीला कशी आलीस, हे सगळं दशक्रियेच्या निरोपात येऊन गेलं. मला फक्त बुधवारबद्दल लिहायचं आहे.

बुधवारी आपल्या कंपनीच्या कँटीनमध्ये तुझी फिजवात असायची. लाल घेवडा, खोबऱ्याचं वाटप, सुकी मिरची, आमसूल. आणि तो कांदा. तू अख्खा कांदा सालीसकट गॅसच्या जाळावर धरायचीस, बाहेरून पार कोळसा होईपर्यंत. त्या जळकट वासाने क्वालिटीच्या केबिनमध्ये बसून मला कळायचं की साडेदहा वाजले. फलकावर मार्करने तू स्वतः लिहायचीस, 'आज : फिजवात, भात, चपाती, ताक'. तुझ्या 'फि'ची वेलांटी एवढी मोठी असायची की खाली भाताला जागा कमी पडायची. पण फलक कोण वाचत होतं? सुट्टी झाली की प्रेस शॉपचे बाळूअण्णा लांबूनच विचारायचे.

"मावशी, फिजवात हाय नव्हं?"

"हाय. आधी हात धू. तेलाचे हात घेवन येता मेलो."

बाळूअण्णा कंपनीजवळच्या निघोज्यातलेच, तुझी खोली होती त्याच गावचे. गळ्यात माळ. अंड्याच्या दिवशी ते आपला डबा घेऊन बाहेर झाडाखाली बसायचे, पण बुधवारी रांगेत पहिले. मी तिथे ट्रेनी म्हणून लागले तेव्हा तू त्यांना मला दाखवून म्हणालीस, "ही माझी लेक." लेक नाही गं, भाची, मी हळूच म्हटलं. "एकच ता," तू म्हणालीस. चपात्या लाटणारी संगीता मला मॅडम म्हणाली, तर तू तिला थांबवलंस. "मॅडम कसली? नाक पुसलंय मी हिचा." सगळी रांग हसली. मी ताट घेऊन सगळ्यात लांबच्या टेबलावर जाऊन बसले. तुला वाटलं मी लाजले. लाजले होतेच, पण थोडी रागावलेही होते. हे तुला कधी सांगितलं नाही.

शब्दाचा विषय निघाला तो एका रविवारी, तुझ्या निघोज्याच्या खोलीत. तू घेवडा निवडत होतीस आणि मी मोबाईल बघत होते. सहज म्हणून तो शब्द शोधला. तसाच्या तसा सापडला नाही, पण फेजुआदा सापडला. पोर्तुगीज लोकांचा घेवड्याचा पदार्थ, गोव्यातही होतो. मला इतका आनंद झाला की मी, जी घरात चार वाक्यं बोलत नाही, ती एकदम भडाभडा बोलायला लागले. फेजांव म्हणजे घेवडा, त्याच्या मागे लॅटिन शब्द, त्याच्या मागे ग्रीक. तू ऐकत होतीस. मग म्हणालीस, "तसला काय नाय. भिजवलेला ता फिजवात."

"आत्या, 'भ'चा 'फ' कसा होईल?"

"भिजवल्याशिवाय घेवडो शिजता काय?"

"नाही."

"मगे?"

आणि तू परत निवडायला लागलीस, जसं काही कोर्टाचा निकाल लागला. मी हट्टाला पेटले. तुला यादीच वाचून दाखवली. पाव त्यांचा, बटाटा त्यांचा, कोबी त्यांचा, बादली, चावी, साबण, सगळं त्यांचं. पगार हा शब्दसुद्धा पोर्तुगीज.

"पगार पण तेंचोच?" तू चष्म्यावरून बघितलंस. "मगे तेंकाच सांग, जरा वाढवा म्हणान."

मी हसले. मला वाटलं मी जिंकले आहे आणि तुला कळत नाहीये. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की लोक न कळणाऱ्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचे कपडे घालतात. तू म्हणजे मला त्याचं आयतं उदाहरण वाटलीस. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी होतं, मी ते बघितलंही. मला लोकांचे चेहरे बघायची सवय आहे, बोलत नसल्यामुळे. पण मी त्याचा अर्थ लावला तो असा, की हिला शिकायचंच नाही.

पुढच्या महिन्यात एचआरने अंतर्गत मासिकासाठी कोणी काही लिहून देईल का विचारलं. मी हात वर करत नाही, मेल पाठवते. लिहिलं, कँटीनमधल्या एका शब्दाबद्दल. तुला सांगितलं तेव्हा तू पदराला हात पुसत बाहेर आलीस.

"माझ्याबद्दल लिवतंस?"

"शब्दाबद्दल. पण तुझंही येईल त्यात."

"माझा नाव घाल हां. पुरा घाल. सुमन विठ्ठल परब."

मी हो म्हटलं.

घातलं नाही. 'आमच्या कँटीनमधील एक स्वयंपाकी' असं लिहिलं, इंग्रजीत. स्वतःला सांगितलं की आपल्याच नातेवाइकाचं नाव घालणं बरं दिसत नाही. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की इंजिनिअरिंगच्या, डिझाइनच्या, पुण्याहून गाडीने येणाऱ्या लोकांच्या हातात ते मासिक जाणार होतं, आणि माझी आत्या कँटीनमध्ये रांधते हे मला छापील कागदावर नको होतं. रांगेत माहीत असणं वेगळं. रांगेतले लोक ते मासिक वाचत नाहीत, असं मला वाटलं. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं आणि आता तसंच ठेवते आहे.

आणि शेवटी, लेखाला जरा धार यावी म्हणून, एक ओळ घातली. हा पदार्थ मुळात डुकराच्या मांसाचा आहे आणि आपल्याकडे येऊन तो शाकाहारी झाला. इंटरनेटवर उघडलेल्या पहिल्याच पानावर वाचलं होतं, तसं लिहिलं.

मासिक आलं त्या दिवशी तू जेवण उरकल्यावर माझ्या केबिनच्या दारात आलीस. आत यायची तुला बंदी नव्हती, पण तू दारातच उभी राहिलीस. मी अंक दिला. तू तो दाराजवळच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पसरलास आणि बोट ठेवून एकेक ओळ खाली यायला लागलीस. मला आधी कळलं नाही तू काय करते आहेस. तुला इंग्रजी येत नव्हतं, पण गेटपासवर तुझं नाव इंग्रजीत होतं. ती अक्षरं तुला ओळखता यायची. 'एस'पाशी बोट थांबायचं, मग पुढे सरकायचं. पहिला कॉलम संपला. दुसरा संपला. पान उलटलंस, मागे वंगणाच्या साठवणीबद्दल लेख होता, तोही अर्धा बघितलास.

मग अंकाची घडी केलीस आणि म्हणालीस, "मोठा लिवलंस गो."

एवढंच. तो अंक तू घरी घेऊन गेलीस. मागच्या रविवारी पप्पांबरोबर तुझी खोली आवरायला गेले तेव्हा तो मला गादीखाली सापडला. मी पप्पांना न दाखवता पर्समध्ये टाकला. अजून आहे.

पुढे काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऑफिसातल्या कुणीतरी माझ्या लेखाचं चार ओळींत मराठी केलं आणि शॉपच्या ग्रुपवर टाकलं. 'फिजवात शब्द पोर्तुगीज. मूळ पदार्थ डुकराचा.' एवढंच. खाली हसणारे चेहरे, मग चिडलेले चेहरे. त्या बुधवारी बाळूअण्णा रांगेत आले नाहीत. आणखी पाचसहा जण आले नाहीत. एकाने तुला विचारलं, "मावशी, इतके दिवस काय चारलं आम्हाला?" तो गंमतीत म्हणाला, पण टोपात डोकावून बघून म्हणाला. तू त्याला काहीच बोलली नाहीस. तू, जी हात न धुतल्याबद्दल सुपरवायझरला झापायची.

कंत्राटदाराचा मॅनेजर आला, म्हणाला, "मावशी, कटकट नको. राजमा लिहा." तू राजमा लिहिलंस.

मला वाटलं, चला, नाव बदललं, पदार्थ तोच राहील. पण साडेदहाला तो वास आला नाही. जेवायला गेले तर टोमॅटोची लाल ग्रेव्ही, वर कोथिंबीर, कुठल्याही हॉटेलात मिळतो तसा राजमा. मी तुला विचारलं, कांदा नाही जाळलास?

"राजमो म्हटल्यावर कांदो कित्याक जाळूचो?" तू म्हणालीस. रागाने नाही. जसं मला एखादी साधी गोष्ट समजत नाही म्हणून समजावत होतीस.

आत्या, त्यानंतर महिन्याभराने मी परत शोधलं. या वेळी नीट, एक पान सोडून अनेक. तेव्हा मला कळलं की त्या शब्दात मांस नाहीच. फेजांव म्हणजे घेवडा, आणि पुढचा 'आदा' म्हणजे त्याचं केलेलं काहीतरी. जसं लिंबाचं केलं ते लिमोनादा. फेजुआदा म्हणजे घेवड्याचं. बस. कुठे त्यात डुक्कर घालतात, कुठे गाईचं मांस, कुठे मासे, कुठे काहीच नाही. आपण 'उसळ' म्हणतो तेव्हा त्यात काय काय पडेल हे शब्द सांगत नाही, तसंच.

म्हणजे शब्द कुठून आला ते मी बरोबर सांगितलं, आणि त्यात काय आहे ते चुकीचं. दोन ओळींची दुरुस्ती होती. पुढच्या अंकात देता आली असती. ग्रुपवर टाकता आली असती. तुझ्याकडे येऊन तोंडाने सांगायला तर अंकही लागत नव्हता. मी दर रविवारी निघोज्याला यायचे. चहा प्यायचे. तू पेरू कापून द्यायचीस, मी खायचे. सांगायचं तर आधी हे म्हणावं लागलं असतं की तुझी फिजवात माझ्यामुळे गेली, आणि ते तुलाही ठाऊक होतं आणि मलाही, आणि आपलं दोघींचं ते न बोलता चांगलं चाललं होतं. निदान मला तसं वाटायचं. गप्प राहणं हा माझा स्वभाव आहे, असं सगळे म्हणतात. लहानपणापासून त्याचं कौतुक झालं. कुणी आलं की आई सांगायची, आमच्या हिचा काही त्रास नाही.

मग तू अचानक आजारी पडलीस. पिंपरीचा मोठा दवाखाना, आणि ते चार दिवस. भेटायची वेळ चार ते सहा. पहिल्या दिवशी तू मला सांगितलंस, "फोडलेलो नारळ फ्रीजात हा. खराब होतलो. घेवन जा." दुसऱ्या दिवशी परत तेच. मी नारळ नेला नाही म्हणून वैतागलीस. तिसऱ्या दिवशी तुला जरा बरं वाटत होतं. उशीला टेकून बसली होतीस. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तू कोकणातल्या गोष्टी सांगत होतीस, मी स्टुलावर. आणि बोलता बोलता तू मारीबायवर आलीस.

मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. तुमच्या घराला लागून त्यांचं घर, ख्रिश्चन माणसं. नाताळात त्यांच्याकडे मोठा टोप चढायचा, तुम्ही भावंडं वासाने कुंपणाशी जमायचात.

"मारीबाय आमच्यासाठी येगळो टोप लावी," तू त्या बाईला म्हणालीस. "तेच्यात मांस घाली नाय. धुराचो वास लागाक व्हयो म्हणान कांदो जाळी. आणि आमच्या आयेक सांगी, वयनी, भिजवलेला कडधान्य ता, फिजवात, पोरांका खावंदे. आय समाधान."

मी विचारलं, "म्हणजे तुला माहीत होतं?"

तू माझ्याकडे वळलीस. "माका म्हायत होता गो."

"मग त्या दिवशी भिजवण्यावरून भांडलीस कशाला?"

"लोकांका खावक सोपा पडता."

शेजारची बाई हसली. तूही हसलीस. मारीबायने तुमच्या आईसाठी एक शब्द जरा वाकवला होता, तुम्ही बिनघोर जेवावं म्हणून. तू तो तसाच चाळीस वर्षं सांभाळून इथपर्यंत आणलास, बाळूअण्णांसारख्यांच्या ताटापर्यंत. आणि मी त्याला अडाणीपणा समजले. तुझ्या चेहऱ्यावर त्या रविवारी जे होतं ते हे होतं. तू मला सांभाळून घेत होतीस.

मला तेव्हाच बोलायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. आत्या, त्यात मांस नसतंच, मी चुकीचं लिहिलं. आत्या, तुझं नाव मी मुद्दाम घातलं नाही. पण शेजारी ती बाई होती, नर्स सलाईन बघत होती, आणि सहा वाजत आले होते. मी म्हटलं, उद्या. तू म्हणालीस, "नारळ." मी म्हटलं, हो, आजच नेते.

चौथ्या दिवशी तू कुणाला ओळखत नव्हतीस. मी तुझ्या कानाशी वाकलेसुद्धा. पण पप्पा समोर उभे होते आणि मी फक्त आत्या, आत्या एवढंच म्हटलं.

मला तू सायकल शिकवलीस, चिंचवडच्या मैदानावर, साडी खोचून मागे पळत. दहावीला मराठीत मला सगळ्यात कमी मार्क पडले तेव्हा घरात तू एकटीच हसली नाहीस. मुलाखतीला जाताना तू म्हणालीस, खाली बघून बोललीस तरी चालेल, पण बोल. हे सगळं मी मोजून बाजूला ठेवू शकत नाही, आणि त्याचा आधारही घेऊ शकत नाही. ते आठवलं की बरं वाटत नाही, उलट आणखी वाईट वाटतं.

परवा बुधवार होता. संगीताने मॅनेजरला न विचारताच ठरवलं की तुझ्या नावाने तुझी फिजवात करायची. ती परभणीची, पण तीन वर्षं तुझ्या शेजारी उभी राहून तिला सगळं येतं. मला येत नाही, मी कधी विचारलंच नाही. साडेदहाला तो वास आला आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. बाराला खाली गेले. फलकावर संगीताने लिहिलं होतं, फिजवात, आणि कंसात मावशींची. बाळूअण्णा रांगेत होते, पण टोपापाशी येऊन अडले. हातात रिकामं ताट.

"संगीता, तुला वाईट वाटंल," ते म्हणाले. "पर आमी नाय खाऊ शकत. मावशी चांगली व्हती. तिच्याबद्दल काय न्हाई. पर ते वाचल्यापास्नं..."

"अहो काका, मी स्वतः केलंय, काय घातलंय मला ठाव नाही का?"

"तुझं खरं हाय. पर मूळच तसं म्हणत्यात."

रांग थांबली. मागून कुणीतरी म्हणालं, चला अण्णा, ओव्हरटाइम लागंल. मी त्यांच्या मागे चौथी होते. मी रांगेतून बाहेर आले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून परत बोलावं लागलं.

"ते मी लिहिलं होतं," मी म्हटलं. "चुकीचं लिहिलं. त्या शब्दात फक्त घेवडा आहे. मावशींच्या टोपात कधी दुसरं काही नव्हतं. डुक्कर मी घातलं, लिहिताना."

सगळे माझ्याकडे बघत होते. संगीताच्या हातात पळी तशीच.

बाळूअण्णांनी विचारलं, "मावशीला सांगितलं व्हतं का हे?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग तोंडाने म्हटलं, "नाही."

मग त्यांनी ताट संगीतापुढे धरलं. "वाढ," म्हणाले. माझ्याकडे त्यांनी परत बघितलं नाही. ताट घेऊन ते माझ्या अंगावरून गेले, लांबच्या टेबलावर पाठ करून बसले, आणि जेवले.